शेवाळाची क्रीम घेण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्यात राहून आपल्याला समुद्र रोज दिसत नाही, पण तिथली एक वस्तू आपल्या बऱ्याच जणांच्या फडताळात असते: चायना ग्रास. पुडिंग घट्ट करायला आपण ते वापरतो. ते लाल समुद्री शेवाळापासून बनतं. त्याचे कडकडीत कोरडे धागे पाण्यात टाका, हळूहळू फुगून मऊ होतात. पाणी धरून ठेवणं हाच या शेवाळांचा मोठा गुण. तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट, लाल शेवाळातलं कॅरॅजिनन त्याच कुळातलं. क्रीममध्ये किंवा फेस मास्कमध्ये ते त्वचेवर पातळ थर धरतं आणि ओलावा टिकवायला मदत करतं. थंडीत ज्यांची त्वचा ओढल्यासारखी होते, त्यांना याचा उपयोग होतो.

पण मंगळ बाजारात एखाद्या डबीवर 'मरीन कोलेजन, सुरकुत्या गायब' असं वाचलंत, तर जरा थांबा. कोलेजन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन; डबीतलं हे कोलेजन माशांच्या कातडीतून, खवल्यांतून काढतात. रेणूचं वजन डाल्टन या मापात मोजतात. साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू निरोगी त्वचेतून सहसा आत जात नाहीत, असा त्वचाशास्त्रातला ठोकताळा आहे. कोलेजनचा अख्खा रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा! त्याचे तुकडे करून घातले, तरी बहुतेक तुकडे या मापापेक्षा मोठेच. चेहरा तुकतुकीत दिसेल, तो ओलाव्यामुळे. तेवढ्यासाठी घरखर्चातले हजार-दोन हजार घालवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

क्रीममध्ये घालतात ते स्क्वॅलेन नावाचं तेल चांगलं, त्वचेला मानवतं. पूर्वी ते मुख्यतः शार्कच्या यकृतातून काढत. आता ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळतं. मी तरी हे वनस्पतींपासूनचंच घ्या म्हणेन, शार्कचा जीव कशाला?

आता जपायचं कुठे? मासे किंवा कोळंबीची ॲलर्जी असेल, तर मरीन कोलेजन आणि कवचापासून केलेलं कायटोसान डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. केल्प या तपकिरी समुद्री शेवाळाच्या पोटात घ्यायच्या गोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांत आयोडीन भरपूर असू शकतं, थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी त्या मनाने मुळीच सुरू करू नयेत.

कुठलीही नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रोज त्याच जागी, आठवडाभर लावून पाहा. खाज, लाली, पुरळ आलं तर बंद करा. त्रास थांबला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना डबी सोबत घ्या. त्यातले घटक त्यांना तिच्यावरच वाचता येतील.