चौकोनातला पत्ता

श्रोतेहो, नमस्कार. घरात बालभारतीचं पुस्तक असेल तर उघडून पाहा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन दिसेल. क्यूआर कोड. किराणा दुकानात पैसे द्यायला असतो ना, त्याचाच भाऊ. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं ॲप उघडून त्याच्यासमोर फोन धरला की चित्रफिती, सरावाचे प्रश्न असं बरंच काही समोर येतं.

गंमत अशी, की त्या चौकोनात धडा नसतोच, धड्याचा पत्ता असतो. उद्या अधिक चांगली चित्रफीत तयार झाली तरी पुस्तक नव्यानं छापायला नको. घर तेच, आतलं सामान बदललं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे आधी आपल्या वर्गापुरतं करून पाहिलं, पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आलं. २०२० साली त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आपण डॉलर मोजत बसलो. मला मोल वाटतं ते कल्पना वर्गातून वर गेली याचं.

वरून खाली आलेल्याचं काय होतं, तेही पाहिलंय. मी शिकवायचो त्या एका शाळेत संगणक आले, त्यांना अभ्रे आले, खोलीला कुलूप आलं. बिघडलं तर भरून कोण देणार, ही धास्ती. मग बिल थकलं, वीज तुटली आणि त्या खोलीत खडूंची खोकी राहायला आली.

फोनचं म्हणाल तर घरात एकच, तोही बाबांबरोबर रानात. कोरोनाकाळात ऑनलाइन शाळा कशी भरली, ते अशा घरांना विचारा. तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची, आणि सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. भिंतीला रेंज लागत नाही.

शिक्षकमित्रांनो, दीक्षावरचं साहित्य आधी उतरवून ठेवता येतं. मीटिंगला तालुक्याला गेलात की पुढच्या आठवड्याचं फोनमध्ये घेऊन या. वर्गात दाखवताना मध्येच थांबवा. ग्रहणाची चित्रफीत असेल तर चंद्रावर सावली पडायच्या आधी विचारा, “आता काय होईल?” मुलं भांडतील. भांडू द्या. मग एक चेंडू, एक बॅटरी आणा आणि खिडक्या लावून घ्या.