तळं जानेवारीसाठी खणा

मित्रहो, नमस्कार.

इथे जमलेल्या बहुतेकांची घरं अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनीॲपोलिस आणि सेंट पॉलच्या आसपास आहेत. बॅकयार्डमध्ये कोई माशांचं तळं करावं ही हौस आपल्याला सुचते जून-जुलैत. दुकानंही तेव्हाच सजलेली असतात आणि तिथे मिळतो तो सल्लाही उन्हाळ्याचाच असतो: धबधबा कुठे ठेवायचा, कमळं कोणती लावायची, दगड कसे रचायचे. मी आज दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. जानेवारीतली उणे २५ अंशांची रात्र, पाण्यावर फूटभर बर्फाचा थर, त्यावर ताजा हिमवर्षाव आणि खाली आपले मासे. ती रात्र डोळ्यांसमोर ठेवून तळं आखलं, तर उन्हाळ्याची काळजी फारशी उरत नाही.

कोई म्हणजे कार्पच. महाराष्ट्रातले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्याच माशाचं हे निवडून निवडून वाढवलेलं रंगीत रूप. जपानच्या निइगाता प्रांतात, यामाकोशीच्या डोंगरांत, भातशेतीच्या तळ्यांमध्ये शेतकरी हिवाळ्यात खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांतले लाल-पांढरे मासे ते वेगळे काढून वाढवू लागले, आणि १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर या माशांचं नाव देशभर झालं. यामाकोशीत माणूस बुडेल इतकं हिम पडतं. म्हणून कोई कुठल्याही थंडीत टिकतो, असं सर्रास सांगितलं जातं. पण तिथले पैदासकार आज काय करतात ते पाहा. हिवाळ्याआधी डोंगरावरची मातीची तळी उपसून ते मोलाचे मासे छपराखालच्या हौदांत आणतात. ज्यांची हयात या माशांत गेली, तेही त्यांना हिमाच्या भरवशावर सोडत नाहीत. तुमच्या गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये मोठी टाकी आणि फिल्टर बसत असेल, तर लहान मासे पहिल्या हिवाळ्यात आत घेणं मला केव्हाही पसंत आहे.

मोठे मासे बाहेर ठेवायचे तर खोली हवी. पाणी सर्वांत जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. खाली ४ अंशांच्या आसपासचा थर उरतो. मासे त्या थरात जवळजवळ न हलता हिवाळा काढतात. तळं दोन-अडीच फुटांचं असेल तर हा थर उरतच नाही. आपल्या भागात घराचा पाया ४२ इंच खाली न्यावा लागतो, कारण जमीन तिथवर गोठू शकते. राज्याच्या उत्तर भागात तोच नियम ६० इंचांचा आहे. तळ्याला मी निदान पाच फूट सांगेन आणि भिंती जवळजवळ सरळ उभ्या. उतरत्या कडेवरून बगळा आणि रॅकून दोघेही आरामात पाण्यात येतात, हा उन्हाळ्यातला तोटा वेगळाच.

साध्या काँक्रीटला गोठणारी माती आणि फुगणारा बर्फ दोन्हीकडून दाबतात, भेगा पडतात. त्यापेक्षा ४५ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं ईपीडीएम रबराचं अस्तर घ्या, खाली जाड फेल्ट घाला. अस्तराचा हिशेब सोपा: लांबी, अधिक खोलीची दुप्पट, अधिक कडेसाठी दोन फूट, आणि रुंदीलाही तसंच. १६ बाय १० फुटांचं पाच फूट खोल तळं असेल तर २८ बाय २२ फुटांचा तुकडा लागेल. पाणी साधारण ६००० गॅलन, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या वर. एवढ्या पाण्यात वीसेक मासे चालतील असं विक्रेते सांगतील. डझनावर थांबा, कारण हिवाळ्यात हवा वाटून घ्यायची असते.

आणि हाच आजचा मुख्य मुद्दा आहे. खोल तळ्यातले मासे मरतात ते बहुधा गारठून नव्हे, गुदमरून. ऐकायला विचित्र वाटतं, कारण थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर, तर ४ अंशांच्या पाण्यात १३ मिलिग्रॅम. पण हा साठा बर्फ धरला की बंद होतो. वर हिम साचलं की उजेड अडतो, शेवाळं ऑक्सिजन सोडायचं थांबवतं. तळाशी कुजणारी पानं मात्र तो खातच राहतात आणि कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मिनेसोटातल्या उथळ सरोवरांत कडक हिवाळ्यानंतर याच कारणाने मासे मरून वर येतात, त्याला इथे विंटरकिल म्हणतात.

म्हणून ऑक्टोबरात पानगळीआधी तळ्यावर जाळी ताणा. हिवाळ्याचं अर्धं काम मी तिथेच झालं असं मानतो. मग बर्फात एक भोक कायम उघडं राहिलं पाहिजे. त्यासाठी तरंगता डी-आयसर आहे. तो तळं तापवत नाही, फक्त स्वतःभोवतीचं पाणी मोकळं ठेवतो. जोडीला हवेचा पंप लावा, पण त्याचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड तळाशी सोडू नका. पृष्ठभागाखाली फूट-दीड फुटावर टांगा. तळाशी ठेवलात तर बुडबुडे खालचं ऊबदार पाणी ढवळून वर आणतील आणि मासे ज्या थराच्या आधाराने जगतात तोच मोडेल. धबधबाही त्याच कारणाने बंद करायचा. शिवाय प्रवाहाच्या वाटेत बर्फाचे बांध तयार होतात, पाणी बाजूने वाहून जातं, आणि पाण्याचा पंप चालू असतानाच तळं रिकामं होऊ शकतं. नळ्यांतलं पाणी काढून टाका. पाणी हिरवं होऊ नये म्हणून लावलेला यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा घरात आणा.

मघाशी एकींनी विचारलं, वीज गेली आणि भोक बुजलं तर? उकळत्या पाण्याचं पातेलं बर्फावर ठेवा, ते हळूहळू वितळवत खाली जाईल. पातेल्याच्या कानाला दोरी बांधायला विसरू नका. हातोडा किंवा कुऱ्हाड मात्र चालवू नका, तो दणका पाण्यातून थेट माशांना बसतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. पाणी १० अंशांखाली गेलं की खाणं पूर्ण बंद. मार्चमधल्या एखाद्या उबदार दुपारी मासे वर येऊन तोंड उघडतील, तुम्हाला कणव येईल, तरी देऊ नका. कार्पला जठर नसतं, थंडीत आतड्यांचं काम मंदावतं, आणि फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूही झोपलेले असतात. पाणी सलग काही दिवस १० च्या वर राहिलं की गव्हाच्या अंकुराचं हलकं खाद्य थोडं थोडं सुरू करा, आणि अमोनिया-नायट्राइट तपासत राहा.

खणण्याआधी ८११ ला फोन करून जमिनीखालच्या तारा आणि गॅसच्या नळ्या खुणा करून घ्याव्यात. कुंपणाचे नियम आपल्या शहराच्या कार्यालयात विचारावेत.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: घर विकून दुसरीकडे जायचं झालं तर माशांचं काय? कोई वीस-तीस वर्षं सहज जगतो, तेव्हा हा प्रश्न प्रत्येकापुढे येणार आहे. जवळच्या सरोवरात सोडणं हा पर्याय नाही. मिनेसोटात कोई पाळायला परवानगी आहे, सोडायला बंदी आहे. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उखडतो, आणि आपली कित्येक सरोवरं आजही त्याने बिघडलेली आहेत. बर्न्सव्हिलच्या केलर लेकमध्ये २०२१ साली फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले, तेही कुणी तरी घरून आणून सोडलेलेच असणार. घर विक्रीला काढताना नव्या मालकाशी माशांचं बोलून घ्या. त्याला नको असतील तर दुसऱ्या तळेवाल्याला द्या, आणि हलवाहलव वसंत ऋतूच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात, पाणी मध्यम उबेचं असताना करा.