काकू, पालक आणि रात्रीचा जांभळा उजेड

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरातल्या घरात मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर भाजी लावायची तर उजेड किती लागतो आणि पाणी किती. खरं सांगू का, उजेडाचं सोपं आहे, बटण दाबलं की झालं. माणूस फसतो तो पाण्यात, आणि पाणी कमी पडून नाही हां, जास्त होऊन फसतो. हे आज दोन-तीनदा सांगणार आहे, कंटाळू नका.

माझा फ्लॅट कोथरूडला, पहिला मजला. समोर टॉवर उभा राहिला आणि आमचं ऊन गेलं, आता दुपारी बारालाही स्वयंपाकघरात ट्यूब लावावी लागते. (या टॉवरवर बोलायला बसले तर हे पंधरा मिनिटांचं भाषण पुरणार नाही, म्हणून गप्प बसते.) तर पॅसेजमधल्या रॅकवर मी 4 लिटरचे डबे मांडले. झाकणाला भोक, भोकात जाळीची छोटी कुंडी, त्यात रोप, खाली खताचं पाणी, पंप वगैरे काही नाही. ही पद्धत हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की यांची, हवाई म्हणजे पॅसिफिकमधली ती बेटं, हवेत काही नाही. गंमत अशी की रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि वरची मुळं उघडी पडतात, ती उघडीच राहायला हवीत, कारण ती श्वास घेतात. खालची मुळं पाणी पितात, वरची श्वास घेतात. लक्षात ठेवा हे, पुढे लागणार आहे.

तर झालं असं. गणपतीला आम्ही गुहागरकडे गावी गेलो, आठ दिवस. चावी शेजारच्या काकूंकडे, आणि रॅकवर मी चिठ्ठी चिकटवून गेले, "लाईट टायमरवर आहे, हात लावू नका. पाण्याकडे बघत राहा." आता चूक माझीच बघा, आपल्याकडे कुठल्या काकूंना "बघत राहा" असं लिहायचं असतं का! नुसतं बघत बसणाऱ्यातल्या त्या नाहीतच.

तिसऱ्या रात्री साडेबाराला फोन. काकू एकदम हळू आवाजात, "अगं, तुझ्या घरात कोणीतरी आहे. खिडकीतून जांभळा उजेड येतोय." मी अर्धवट झोपेत, म्हटलं काकू तो झाडांचा लाईट, पण तो तर आठला बंद होतो, त्यामुळे माझ्याही पोटात गोळा आला. तोवर वॉचमन, सेक्रेटरी आणि हातात लाटणं घेतलेल्या काकू अशी वरात दार उघडून आत. आत कोण? पाच डबे पालक आणि दोन डबे लेट्युस.

झालं होतं इतकंच की त्या दुपारी पाच तास लाईट गेले होते. माझा टायमर तो तबकडीवाला, कर्रकर्र फिरतो तो, वीज गेली की जागच्या जागी थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू. म्हणजे आठला विझायचा तो रात्री एकला विझणार. तेव्हा वीज जाऊन आली की तबकडी बघायची, नाहीतर बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्यायचा.

पण गोष्ट इथे संपली नाही. आलोच आहोत तर बघू म्हणून काकूंनी एका डब्याचं झाकण उचललं आणि आत साचलेलं पाणी! गेल्या पावसाळ्यात त्यांच्या नातवाला डेंग्यू झालेला, त्यामुळे साचलेलं पाणी दिसलं की त्या थांबतच नाहीत. दुसऱ्या दिवशी सातही डब्यांतलं पाणी त्यांनी बादलीत काढलं, नळाखाली डबे स्वच्छ धुतले, काठोकाठ ताजं पाणी भरलं आणि मग रोज तांब्या तांब्या वर घालत राहिल्या. प्रेमानंच हो सगळं.

मी परत आले तर पालक मान टाकून पडलेला. पाण्यात गळ्यापर्यंत उभा आणि पानं सुकलेली! झाकण उचललं तर वास, सडक्या कोबीसारखा, आणि पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत, बोटात धरली तर साल निघून हातात नुसता दोरा. श्वास घेणारी मुळं पाण्याखाली गेली, गुदमरली, आणि खत गेलं बादलीतून. म्हणून सांगते, पातळी उतरली तर घाबरून काठोकाठ भरायचं नाही. फारच उतरली तर तळाशी थोडं, बस. आता मी डब्यावर बाहेरून नेलपॉलिशची लाल रेघ मारलीये, याच्या वर पाणी नाही. काकूंची भीती मात्र खोटी नव्हती, झाकणाला कुठे फट असेल तर बुजवा, डास तिथूनच आत जातात.

अरे, निर्मात्या काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत, भरभर सांगते. उजेड पालेभाजीला 14 ते 16 तास, मग अंधार, त्यांनाही रात्र हवी. लाईट पानांपासून वीत-दीड वीत वर, रोप लांबुळकं होऊन मान काढायला लागलं तर लाईट खाली घ्या. जांभळा घेऊ नका, त्यात पान हिरवंय की पिवळं पडलंय काही कळत नाही, साधी पांढरी एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी लांब पट्टी, पालेभाजीला पुरते. 40 वॅट रोज 14 तास म्हणजे महिन्याला साधारण 17 युनिट, त्या पैशात बाहेर किती पालक येतो तो हिशोब मला विचारू नका. आणि लेट्युस आमच्या घरात कोणी खात नाही, फोटोला बरं दिसतं म्हणून लावलं होतं, पालक लावा, पुदिना लावा.

पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर टीडीएस पेन, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र, बुडवून बघा, आकडा 500 च्या पुढे असेल तर आरओचं पाणी मिसळा, पण आरओतून बाहेर पडणारं वाया पाणी नको, त्यात क्षार आणखी जास्त. खताच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, साडेपाच ते साडेसहा. हे खत ए आणि बी अशा दोन बाटल्यांत येतं, त्या कधीही एकमेकीत ओतायच्या नाहीत, पाण्यात एक ढवळा मग दुसरी, नाहीतर पांढरा साका बसतो आणि कॅल्शियम फुकट. डबा पारदर्शक असेल तर फॉइल गुंडाळा, आत उजेड गेला की शेवाळ धरतं.

आणि जुनं खताचं पाणी मोरीत ओतू नका, बाहेरच्या कुंड्यांना घाला. काकूंनी ती बादली त्यांच्या मोगऱ्याला घातली होती. माझा पालक गेला आणि तिकडे मोगऱ्याला ही पालवी! आता महिन्यातून एकदा बेल वाजते, दारात काकू बादली घेऊन, "ते तुझं डेंग्यूचं पाणी निघालंय का गं?"