निळ्या पेटीतला सोर्स कोड

पडद्यावर दिसणारी ही निळी-काळी पेटी म्हणजे लिंक्सिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी हा वाय-फाय राउटर. २००२ च्या अखेरीस तो अमेरिकेच्या बाजारात आला. पाठीमागे दोन अँटेना, तारा जोडायला पाच पोर्ट आणि आत अवघी ४ मेगाबाइट फ्लॅश मेमरी. आजच्या मोबाइलने काढलेला एखादा फोटो तेवढ्या जागेत जेमतेम मावेल. एवढ्याशा जागेत लिनक्स ही यंत्र चालवणारी प्रणाली बसवलेली होती, पण तिचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, पेटी विकत घेणाऱ्याला मिळत नव्हता.

लिनक्सला जीपीएल या परवान्याची १९९१ ची दुसरी आवृत्ती लागू आहे. प्रोग्राम कोणीही वापरावा, बदलावा, हवा तर विकावा, अशी मोकळीक हा परवाना देतो. मात्र ज्याच्या हाती आपण तयार प्रोग्राम देतो, त्याला सोर्स कोडही द्यावा लागतो, किंवा मागेल त्याला तो देऊ अशी निदान तीन वर्षांची लेखी हमी सोबत जोडावी लागते, आणि त्यासाठी प्रत पोहोचवण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. सोर्स कोड कशाला म्हणायचे, हेही परवान्याने मोघम ठेवलेले नाही: बदल करायला जे रूप सर्वांत सोयीचे ते, आणि शिवाय कोड कंपाइल करून, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलून, बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्टही. मला हे कलम फार मोलाचे वाटते, कारण अर्धवट फायलींचे गाठोडे हातावर ठेवून कर्तव्य उरकण्याची सोय ते ठेवत नाही.

जून २००३ मध्ये लिनक्सच्या विकसकांपुढे हा प्रश्न जाहीरपणे मांडला गेला. लिंक्सिस तेव्हा नुकतीच सिस्को या मोठ्या कंपनीच्या ताब्यात आली होती. राउटरमधली चिप ब्रॉडकॉम कंपनीची होती आणि तिच्यासोबतचे सॉफ्टवेअरही आधीच्या पुरवठादारांकडून आलेले होते. पण वरून कोड मिळाला नाही, एवढे सांगून विक्रेत्याची सुटका होत नाही. वस्तू ज्याने ग्राहकाच्या हातात दिली, परवाना पाळण्याची जबाबदारी त्याचीही असते. चर्चा वाढत गेली आणि त्याच वर्षी कंपनीने कोड खुला केला.

पुढे जे घडले, त्यामुळेच या हक्काची किंमत कळते. २००४ मध्ये त्या कोडच्या आधारे ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठी खुली प्रणाली बनवणारा प्रकल्प उभा राहिला आणि घरगुती राउटरचा मालक स्वतःच्या यंत्रात हवा तो जादा प्रोग्राम घालू लागला, चुका स्वतः दुरुस्त करू लागला. २००५ मध्ये लिंक्सिसने नव्या आवृत्तीतली मेमरी निम्मी केली आणि लिनक्सही काढून टाकले, तेव्हा जुन्या घडणीचे, लिनक्स असलेले डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल तिला बाजारात आणावे लागले. लोकांना बदलता येईल असेच यंत्र हवे होते.

तरीही तक्रारी संपल्या नाहीत. लिंक्सिसच्या इतर उत्पादनांवरून, जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली, आणि पूर्वीच्या ग्राहकांना त्यांचे हक्क कळवण्याचे सिस्कोने मान्य केले.

हा दावा लावणारी संस्था स्वतः त्या उत्पादनांमधल्या, वादातल्या प्रोग्रामांच्या कॉपीराइटची धनी होती. मग पैसे मोजून वस्तू घेणाऱ्या साध्या ग्राहकाने कोड मागायचा तो कोणत्या नात्याने? ऑक्टोबर २०२१ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने हाच प्रश्न कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात नेला. तिने व्हिझिओ कंपनीचे, लिनक्स असलेले टीव्ही खरेदी केले होते आणि ग्राहक म्हणून ती भरपाई नव्हे, तर सोर्स कोड मागत होती. हा निव्वळ कॉपीराइटचा वाद आहे, असे म्हणत व्हिझिओने प्रकरण संघीय न्यायालयात हलवले. मे २०२२ मध्ये तिथल्या न्यायाधीशांनी ते राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठवले: सोर्स कोड देण्याचे वचन हे कॉपीराइटहून वेगळे, कराराने आलेले बंधन आहे, असे त्यांनी आदेशात नमूद केले.