दाणा पुसू नका

नमस्कार श्रोतेहो.

जुना सिनेमा ब्लू-रेवर लावला की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "एवढी एचडी डिस्क, मग चित्रात या मुंग्या कसल्या?" त्या मुंग्या नव्हेत. तो फिल्मचा दाणा, ज्याला ग्रेन म्हणतात. फिल्मवरचं चित्र या दाण्यांचंच बनलेलं असतं, त्यामुळे दाणा पुसला की त्याच्याबरोबर चित्रही पुसलं जातं. पुन्हा सांगतो: धूळ, ओरखडे, डाग ही घाण, ती जरूर काढावी. दाणा ही घाण नव्हे.

डीव्हीडीच्या 576 ओळींत तो नीट दिसायचाच नाही, ब्लू-रेच्या 1080 ओळींत दिसतो. मग तक्रारींच्या भीतीने तो सॉफ्टवेअरने गाळला जातो. सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या फ्रेम ताडून बघतं आणि दर फ्रेमला बदलणारं सगळं खोडतं. त्यात कातडीची छिद्रं जातात, कापडाची वीण जाते, चेहरे मेणाचे होतात. वर धार, म्हणजे शार्पनेस, वाढवली की माणसांच्या कडेने पांढरी रेघ उमटते. वेष्टनावर मात्र ठळक अक्षरांत 'डिजिटल रीमास्टर्ड'! त्यापेक्षा कशावरून स्कॅन केलं ते छापा की. 

तर, कशावरून स्कॅन केलं? कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून पॉझिटिव्ह, त्यावरून ड्युप निगेटिव्ह, म्हणजे निगेटिव्हची नक्कल, आणि मग थिएटरची प्रिंट. दर पायरीला बारकावे घटतात, दाणा जाड होतो. म्हणून मूळ निगेटिव्ह सोन्यासारखी. आणि तीच जळाली तर?

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या तीन चित्रपटांचं नेमकं हेच झालं. 1992 मध्ये राय यांना मानद ऑस्कर मिळालं. त्यानंतर जतनाच्या कामासाठी त्यांच्या निगेटिव्ह कोलकात्याहून लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये पोचल्या. जुलै 1993 मध्ये तिथे नायट्रेट फिल्मला, म्हणजे जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मला, आग लागली आणि ती साठवणीच्या खोल्यांपर्यंत पसरली. राखेतून राय यांच्या म्हणून जे डबे, जे तुकडे ओळखता आले, ते अमेरिकेत ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहात गेले. कडा वितळलेल्या, फिल्म कडक आणि ठिसूळ, कित्येक रिळांची सुरुवात आणि शेवट गायब. कोणतीही लॅब ती यंत्रात घालायला तयार होईना. वीस वर्षं ते डबे तसेच पडून राहिले. पण कुणी फेकले नाहीत, बरं का!

2013 मध्ये गाजलेले जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने ते बाहेर काढायला लावले आणि इटलीतल्या बोलोन्याच्या लॅबकडे सोपवले. तिथे जवळजवळ हजार तास हाताने काम चाललं. वितळलेली चिकटपट्टी आणि गोंद खरवडायचा, कडेला जमलेलं मेण काढायचं, फिल्म पुढे सरकवणारी कडेची तुटलेली छिद्रं एकेक करून बांधायची. छिद्रं नसतील तर फ्रेम स्कॅनरमध्ये स्थिर बसत नाही आणि चित्र थरथरतं. मग 4के, म्हणजे सुमारे चार हजार टिंबं रुंदीचा, स्कॅन, तोही वेट-गेटवर. म्हणजे फिल्म द्रवातून जाते, ओरखड्यांच्या खाचा द्रवाने भरतात आणि बरेचसे ओरखडे स्कॅनमध्ये येतच नाहीत.

आता आकडे ऐका. 'पथेर पांचाली'चा 40 टक्के आणि 'अपराजितो'चा 60 टक्क्यांहून अधिक भाग त्या जळक्या निगेटिव्हमधून परत आला! उरलेल्या जागा नकलांवरून भरल्या. 'अपूर संसार'ची दोनच रिळं वाचली होती, तीही निकामी. तो अख्खा चित्रपट फाइन-ग्रेन मास्टर, म्हणजे बारीक दाण्याची पॉझिटिव्ह, आणि ड्युप निगेटिव्हवरून उभा केला. आणि एवढं सगळं करून दाणा? तो ठेवला! 2015 मध्ये या डिस्क आल्या. कृष्णधवल चित्रपट रंगवत बसणाऱ्यांनी त्यातली एखादी जरूर बघावी.

वेळ थोडाच आहे, तेव्हा टीव्हीचं झटपट. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर ठेवा. नॉइज रिडक्शन बंद, तेही दाणाच गाळतं. मोशन स्मूदिंग बंद, कारण सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा आणि टीव्ही मधल्या फ्रेम मनाने रचतो. शार्पनेस अगदी कमी. कडेची पांढरी रेघ जाईपर्यंत उतरवा. जुन्या, चौकोनी आकाराच्या चित्रपटाच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असणारच, चित्र ताणू नका. पुन्हा एकदा: नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद, शार्पनेस कमी.

आणि डिस्क पारखायची असेल तर एखाद्या क्लोजअपवर थांबवा, केस सुटे दिसतात का बघा. मग चालू करा. दाणा दर फ्रेमला नवा दिसला पाहिजे. चेहरा हलतोय आणि दाणा काचेवरच्या धुळीसारखा जागीच चिकटलाय असं दिसलं, तर टीव्हीच्या सेटिंग्ज पुन्हा तपासा. त्या ठीक असतील, तर खोट डिस्कमध्येच आहे.