नैर्ऋत्य कोपऱ्यापासून: डेटा सायन्सच्या पदव्युत्तर शिक्षणाविषयी

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या एम.एस्सी. डेटा सायन्सच्या, म्हणजे आकड्यांवरून निष्कर्ष काढण्याच्या शास्त्राच्या, दुसऱ्या वर्षाची आठ मुलंमुली घेऊन मी एका सोयाबीनच्या शेतात गेले होते. पीक कापणी प्रयोग बघायला. शेतकरी श्रोत्यांना तो माहीतच असेल. गावातलं कोणतं शेत घ्यायचं आणि त्या शेतातला कोणता तुकडा कापायचा, हे यादृच्छिक अंकांवरून ठरतं, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं. कृषी सहायकांनी शेताचा नैर्ऋत्य कोपरा धरला, कागदावरचे आकडे वाचले, तितकी पावलं लांबीकडे, तितकी रुंदीकडे टाकली आणि पहिली खुंटी ठोकली. मग टेप लावून १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन आखला. कोपरे काटकोनात आहेत ना, म्हणून कर्णही मोजला.

चौकोन पडला तो नेमका पाणी साचणाऱ्या खोलगट भागावर. झाडं खुरटलेली, शेंगा मोजून घ्याव्यात इतक्या. माझी एक विद्यार्थिनी, कॉम्प्युटरवर वर्गात सगळ्यांच्या पुढे असलेली, पटकन म्हणाली, “मॅडम, दोन पावलं पलीकडे सरकवू या ना. तिकडे पीक किती छान आहे!” कृषी सहायक हातातली दोरी न सोडता म्हणाले, “ताई, आकड्यात आलंय तेच घ्यायचं. डोळ्याला बरं दिसेल ते घ्यायला लागलो तर प्रयोग कशाला करायचा?”

संध्याकाळी आम्ही हिशेब केला. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा २०० वा भाग. त्या चौकोनातून जे वजन निघेल त्याला २०० ने गुणायचं, की हेक्टरी उत्पादन आलं. म्हणजे इथे एका किलोची चूक झाली, तर तिकडे हेक्टरी दोन क्विंटलचा फरक पडतो. असे प्रयोग एकत्र करून महसूल मंडळाची सरासरी निघते आणि पीक विम्याच्या हिशेबात तिचा आधार घेतला जातो. दोन पावलं सरकवण्याचा अर्थ त्या मुलीच्या तेव्हा ध्यानात आला. ती बराच वेळ काही बोलली नाही.

हे सांगायचं कारण असं, की निकालाचे दिवस आले की आमच्या विभागाच्या पायऱ्यांवर पालकांची गर्दी होते. “मॅडम, या लाइनला स्कोप आहे का? प्लेसमेंट किती? पॅकेज काय मिळतं?” पोटाची काळजी खरी आहे, कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांनी हे विचारायलाच हवं. पण गेल्या काही वर्षांत एक प्रश्न मला फार कमी जणांनी विचारला, तो म्हणजे, “या दोन वर्षांत मुलगी शिकणार काय?” आज मी त्याचंच उत्तर देणार आहे.

‘डेटा सायन्स’ हे नाव नवं आहे, पण घर जुनं आहे, आणि त्या घराच्या भिंती आपल्याकडच्या माणसांनीही बांधल्या आहेत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. दोन नोंदी एकमेकींपासून किती ‘दूर’ आहेत हे मोजण्याची त्यांची पद्धत १९३६ ची, आणि आजचे मशीन लर्निंगचे, म्हणजे नोंदींवरून यंत्राला शिकवण्याच्या शास्त्राचे, विद्यार्थी तिला ‘महालनोबिस अंतर’ म्हणूनच ओळखतात. आपल्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजुरबाजार केंब्रिजला शिकून आले आणि १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. लंडनहून परतल्यावर पुढे त्यांनी शेतीच्या आकड्यांचं काम हाती घेतलं. यादृच्छिक नमुना घेऊन पिकाचं उत्पादन काढायची पद्धत देशात रुजवण्यात त्यांचा फार मोठा वाटा आहे. त्या दिवशी सोयाबीनच्या शेतात ठोकलेली खुंटी ही अशी दूरवरून आलेली आहे. हे मी मुलांना तिथेच, बांधावर बसून सांगितलं. वर्गात सांगितलं असतं तर वहीत राहिलं असतं.

आता अभ्यासक्रमाकडे येते. एम.एस्सी. डेटा सायन्स, एम.एस्सी. संख्याशास्त्र, एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, एम.सी.ए., एम.टेक. अशा पाट्या बऱ्याच आहेत. माझं म्हणणं, पाटी वाचून निर्णय घेऊ नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि पहिल्या सत्राचे विषय बघा. संभाव्यता आणि संख्याशास्त्र आहे का? मॅट्रिक्सचं गणित, म्हणजे लिनियर अल्जिब्रा, आहे का? प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेस हातानं करून घेतात का? आणि नमुना कसा घ्यावा, यावर एखादा तरी विषय आहे का? हा शेवटचा विषय पुष्कळ ठिकाणी गळालेला असतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पहिल्याच सत्रात नुसती सॉफ्टवेअरची नावं ओळीनं दिलेली दिसली, तर तिथं थांबून विचार करा. सॉफ्टवेअर बदलतं. एम.एस्सी.ला मी जे शिकले त्यातलं एकही आज मुलांच्या संगणकावर नाही. संभाव्यतेचं मात्र एक पानही बाद झालेलं नाही.

मुलांना आणखी एक सांगते. अभियांत्रिकीच्या ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हा स्वतंत्र पेपर आला आहे. तुम्हाला गेट द्यायची नसली तरी त्या पेपरचा अभ्यासक्रम काढून समोर ठेवा. संभाव्यता, लिनियर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, अल्गोरिदम, डेटाबेस, मशीन लर्निंग, सगळं त्यात आहे, आणि तो फुकट मिळतो. कोणत्याही कॉलेजचा अभ्यासक्रम त्याच्या शेजारी ठेवून बघा, कुठे भोक आहे ते लगेच दिसेल. गेट देऊन एम.टेक.ला गेलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं, हेही पालकांनी लक्षात ठेवावं. बी.एस्सी.वाल्यांसाठी ‘जॅम’ परीक्षा आहे, तिच्यात गणितीय संख्याशास्त्राचा वेगळा पेपर असतो आणि त्यावर आयआयटीत एम.एस्सी.ला जाता येतं. कोलकात्याची सांख्यिकी संस्था आणि चेन्नईची गणितीय संस्था आपापली प्रवेश परीक्षा घेतात. प्रश्न कठीण असतात, पण पाठांतरावर सुटणारे नसतात. गावाकडच्या विचारी मुलाला तिथं नक्की संधी आहे, हे मी खात्रीनं सांगते. एम.सी.ए. पूर्वी तीन वर्षांचं होतं, आता दोन वर्षांचं आहे. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेची सहा महिन्यांची पदविका कामाला लवकर लागायचं असेल तर चांगली, मात्र ती विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी नव्हे, हा फरक आधी समजून घ्या.

परदेशाबद्दल थोडक्यात. इंग्लंडमधली एम.एस्सी. एका वर्षात संपते. गणिताचा पाया कच्चा असेल तर तो भरून काढायला तिथे वेळच उरत नाही, आणि ते वर्ष फार महाग पडतं. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसतं, पण पदवीला गणिताचे किती श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, केले हे तिथली विद्यापीठं बारकाईनं बघतात. म्हणजे परदेशाची तयारीही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासूनच सुरू होते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी करायला विसरू नका.

आता पुन्हा वर्गात येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते प्रकल्पाबद्दल. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात विद्यार्थी प्रकल्प करतात. आमच्या कॉलेजच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. त्याची नोंद रोज सकाळी साडेआठला घ्यायची असते. एका विद्यार्थ्यानं जुन्या वह्यांमधली पंधरा वर्षांची नोंद संगणकात भरली. मेहनती मुलगा, रात्र-रात्र बसून त्यानं टायपिंग केलं. रिकाम्या चौकटी होत्या तिथं शून्य घातलं. मग त्यावर मॉडेल, म्हणजे नोंदींवरून अंदाज काढणारं गणित, चालवलं आणि निष्कर्ष घेऊन माझ्याकडे आला. आमच्या गावात सोमवारी पाऊस जास्त पडतो, आणि अतिवृष्टीचे दिवसही सोमवारीच जास्त येतात, असं त्याच्या आलेखात स्पष्ट दिसत होतं. आलेख देखणा होता.

मी त्याला म्हटलं, “चल, वही काढ.” आम्ही दोघं कपाटासमोर खाली बसलो. पान उलटलं. रविवार रिकामा. पुढचं पान, रविवार रिकामा. नोंद घेणाऱ्या काकांची रविवारी सुट्टी असायची. शनिवार सकाळपासून सोमवार सकाळपर्यंत साठलेलं पाणी ते सोमवारी एकदम मोजायचे आणि प्रामाणिकपणे लिहायचे. एका दिवसाचे ४० मिलिमीटर आणि दुसऱ्या दिवसाचे ३० मिळून सोमवारच्या चौकटीत ७० पडले. अतिवृष्टीची मर्यादा ६५. म्हणजे वहीत अतिवृष्टी झाली, आभाळातून झाली नाही. आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही, की महिन्याची बेरीज अगदी बरोबर येत होती, त्यामुळे चूक कुठेच उघडी पडत नव्हती. रिकामी चौकट आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन बघितलं आणि पाऊस नव्हता. रिकामी म्हणजे कुणी बघितलंच नाही.

त्या मुलानं प्रकल्प पुन्हा केला. काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांच्या घरी गेला, कोणत्या वर्षापासून रविवारची नोंद सुरू झाली हे त्यांना विचारून आला. त्याच्या प्रबंधातलं ते दीड पान मला बाकीच्या साठ पानांपेक्षा मोलाचं वाटतं. मी त्याला गुणही तसेच दिले.

हल्ली कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. मुलं घाबरून विचारतात, “मॅडम, सगळं मशीनच करणार असेल तर आम्ही शिकायचं कशाला?” मॉडेल बांधायला लागणारा वेळ कमी झाला, हे खरंच आहे. पण रविवारची चौकट रिकामी का, हे त्या साधनाला कोण सांगणार? शंभरातले ९७ कर्जदार हप्ते नीट भरत असतील, तर ‘सगळेच भरतील’ असं डोळे मिटून म्हणणारं मॉडेलही ९७ टक्के अचूक ठरतं आणि बुडवणारा एकही पकडत नाही. हे ओळखायला संभाव्यता अंगात भिनलेली लागते. दोन वर्षांची एम.एस्सी. ती भिनवण्यासाठी असते.

आणि आपल्या भाषेचंही काम पडलेलं आहे. मुंबईच्या आयआयटीत मराठीचं ‘वर्डनेट’, म्हणजे शब्दांच्या अर्थसंबंधांचं जाळं, तयार झालं. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा यंत्राकडून भाषांतर करून घेण्याचा प्रकल्प भारतीय भाषांसाठी चालू आहे. बोललेलं ऐकून लिहून देणाऱ्या यंत्राला शिकवायला माणसांचे आवाज गोळा करावे लागतात. ते आवाज फक्त शहरातल्या शिकलेल्या माणसांचे घेतले, तर मालवणात बाजाराला निघालेल्या आजीचं बोलणं त्या यंत्राला कळणार नाही, आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचं तर मुळीच नाही. बरं पीक दिसतं तिकडे चौकोन सरकवल्यासारखंच आहे हे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी घरात बोलणाऱ्या मुलामुलींनी या विषयात यावं असं मला मनापासून वाटतं. कुणाचा आवाज राहून गेला, हे त्यांच्या कानाला आधी कळेल. इंग्रजीची भीती वाटते म्हणून मागे राहू नका. पुस्तकं इंग्रजीत असली तरी विचार मराठीत करा, मैत्रिणीला मराठीत समजावून सांगा. आमच्या वर्गात आम्ही तेच करतो.

२९ जूनला महालनोबिस यांची जयंती असते, तो दिवस देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. त्या सकाळी आमच्या विभागातली पहिल्या वर्षाची मुलं पर्जन्यमापकाची नोंद घ्यायला जातात. प्रवेशाचा विचार करणाऱ्या कुणालाही येता येईल, आईवडिलांनाही आणा. आवारात शिरलात की डावीकडे, कडुलिंबापासून जरा दूर, उघड्यावर तो आहे. झाडाखाली का नाही, ते तिथे आल्यावर मुलंच तुम्हाला सांगतील. साडेआठच्या आधी पोहोचा, आणि येताना वही-पेन्सिल आणा. पावसात शाईचा पेन चालत नाही.

नमस्कार.