‘नंतर बघू’ या खात्यातले पैसे

अध्यक्षमहोदय आणि उद्योजक मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘लघुउद्योगांची भांडवल उभारणी आणि समभागांचे वाटप’ असा छापला आहे आणि मी त्याच विषयावर बोलणार आहे. मात्र कंपनी सेक्रेटरी म्हणून इतकी वर्षे काम करताना ज्या एका शब्दाने मला सर्वाधिक छळले, त्याची तक्रार आधी आपल्या कानांवर घालतो. तो शब्द म्हणजे ‘पार्टनर’. खासगी मर्यादित कंपनीत पैसे घालणारा प्रत्येक जण स्वतःला पार्टनर म्हणवतो, तसे कार्डही छापून घेतो, आणि कंपनी कायद्यात अशी कोणी व्यक्तीच नसते. भागीदारी संस्थेत आणि एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) भागीदार असतात, पण तिथे शेअर नसतात. कंपनीत भागधारक असतो, धनको असतो, संचालक असतो. एकच माणूस तिन्ही असू शकतो, पण प्रत्येक नात्याचा कागद वेगळा असतो. हे ऐकून सभागृहात दोन-चार जण आपापल्या शेजाऱ्याकडे पाहू लागले आहेत, त्यांनी कृपया घरी गेल्यावर बोलावे.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या मालकाला (तोही स्वतःला मालकच म्हणे, ती चूक तूर्त सोडून देऊ) त्याच्या वर्गमित्राने आठ लाख रुपये दिले. त्या वेळी दोघांत झालेला संपूर्ण करार चार शब्दांचा होता : ‘राहू दे, नंतर बघू.’ हिशेबनीसाने ती रक्कम ‘इतर देणी’ या सदरात टाकली आणि ती तिथे सहा वर्षे राहिली. कंपनी तोट्यात असताना मित्राला ते कर्ज वाटत होते आणि मालकाला ते भांडवल वाटत होते. कंपनी नफ्यात आल्यावर मित्राला ते भांडवल वाटू लागले आणि मालकाला कर्ज. दोघेही प्रामाणिक होते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अप्रामाणिक माणसे निदान कागद तरी नीट करतात.

दोघे माझ्यासमोर बसले आणि ‘कायदा काय म्हणतो’ असे त्यांनी विचारले. कायदा जे म्हणत होता, ते दोघांनाही नको होते. हे पैसे शेअरसाठी आले असे मानले, तर २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ते हाती आल्यापासून ६० दिवसांत शेअरचे वाटप व्हायला हवे होते, आणि ते झाले नाही तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत जायला हवे होते. तेही झाले नाही म्हणून ती रक्कम ‘ठेव’ ठरते. ते कर्ज आहे असे मानले, तर मित्र संचालक नाही, संचालकाचा नातेवाईक नाही, भागधारकही नाही, आणि अशा बाहेरच्या व्यक्तीकडून खासगी कंपनीने घेतलेले कर्जही ‘ठेव’च ठरते. खासगी कंपनीला लोकांकडून ठेवी घेण्याची कलम ७३ने मनाई केली आहे, आणि ती मोडल्यास कंपनीला किमान दंड १ कोटी रुपये किंवा ठेवीच्या दुप्पट रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढा आहे. म्हणजे भाग की कर्ज, या प्रश्नावर सहा वर्षे धुमसणाऱ्या मित्रांना कळले की दोन्ही वाटा एकाच खड्ड्यात उतरतात. चहा गार झाला तरी कोणी कपाला हात लावला नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की कंपनीच्या खात्यात येणारा प्रत्येक रुपया भाग आहे की कर्ज, हे तो येण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. ‘आपुलकीने दिलेले’ असे सदर ताळेबंदात नसते. याचे एक जुने उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील बूट बनवणारे सॉलोमन. त्यांनी आपला धंदा स्वतःच्याच कंपनीला विकला, तिचे २०,००१ शेअर स्वतः घेतले, घरातल्या सहा जणांना एकेक दिला आणि विक्रीच्या किमतीपैकी १०,००० पौंडांसाठी कंपनीकडून तारणासह कर्जरोखे घेतले. कंपनी बुडाली तेव्हा इतर धनकोंनी आरडाओरडा केला, पण १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिला की कंपनी ही सॉलोमनहून वेगळी व्यक्ती आहे आणि ते कर्जरोखे वैध आहेत. एकच माणूस मालक आणि सावकार दोन्ही होता आणि ते चालले, कारण दोन्ही नात्यांचे कागद त्याच्याकडे होते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे की सात मिनिटे उरली आहेत. तेव्हा पत्रिकेतला विषय आता भरधाव घेतो.

पहिल्यांदा मेमोरँडममधील, म्हणजे कंपनीच्या घटनेतील, अधिकृत भांडवल (शेअर काढण्याची कमाल मर्यादा) पाहा; ते अपुरे असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून वाढवा आणि ३० दिवसांत कंपनी निबंधकांना (रजिस्ट्रारना) कळवा. पैसे सध्याच्याच भागधारकांकडून घ्यायचे असतील, तर राइट्स इश्यू हा सोपा मार्ग आहे : ज्याच्याकडे जितके शेअर, त्या प्रमाणात त्याला लेखी प्रस्ताव द्यायचा, आणि नियमावलीत वेगळी तरतूद नसेल तर त्याला आपला हक्क दुसऱ्याच्या नावे सोडताही येतो. बाहेरच्या माणसाला थेट शेअर द्यायचे असतील, तर प्रायव्हेट प्लेसमेंट, म्हणजे निवडक व्यक्तींनाच शेअरची विक्री, करावी लागते, आणि इथे नियम कडक आहेत. ते इतके कडक का, असे विचाराल तर सहारा समूहाच्या दोन कंपन्यांनी ‘खासगी’ म्हणवत कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले होते आणि सर्वोच्च न्यायालयाला २०१२ साली ते परत करण्याचा आदेश द्यावा लागला होता. मोठ्यांच्या त्या उद्योगानंतर आलेल्या कायद्याची झळ तुम्हा-आम्हाला बसते.

प्रायव्हेट प्लेसमेंटसाठी विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने हवीत. किंमत नोंदणीकृत मूल्यांकनकाराच्या अहवालावरून ठरवायची; दर्शनी किमतीपेक्षा कमी दराने शेअर देता येत नाहीत. प्रस्तावाचे पत्र पीएएस-४ नमुन्यात, त्या-त्या व्यक्तीच्या नावे जाते, जाहिरात करता येत नाही, आणि आर्थिक वर्षात एका प्रकारच्या रोख्यांसाठी २०० व्यक्तींची मर्यादा आहे. रोख रक्कम चालत नाही, आणि पैसे अर्जदाराच्याच बँक खात्यातून यावे लागतात. अर्ज पत्नीच्या नावे आणि चेक यजमानांचा, हा घरगुती शिरस्ता इथे उपयोगाचा नाही. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३ हा वाटपाच्या माहितीचा नमुना भरायचा, आणि तो भरला जाईपर्यंत त्यातून कच्च्या मालाचे बिलसुद्धा द्यायचे नाही. शेअर कागदी असतील तर वाटप होऊन दोन महिन्यांच्या आत भागधारकाला प्रमाणपत्र मिळाले पाहिजे; डीमॅट असतील तर वाटप होताच डिपॉझिटरीला, म्हणजे डीमॅट शेअरची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, कळवावे लागते. गुंतवणूकदाराने शेअरच्या वाजवी मूल्यापेक्षा दिलेल्या जादा किमतीवरचा ‘एंजल टॅक्स’ २०२४च्या अर्थसंकल्पाने रद्द केला, ही एक सुवार्ता तेवढी सांगून ठेवतो.

त्या दोन मित्रांचे पुढे काय झाले, असे मागच्या रांगेतून विचारले जाते आहे. आठ लाख रुपये व्याजासह बँकेमार्फत परत गेले. झालेल्या चुकीबद्दल निबंधकांपुढे जे करावे लागले, ते वेगळ्या व्याख्यानाचे काम आहे. नंतर त्याच मित्राने रीतसर अर्ज करून तेवढ्याच रकमेचा चेक दिला. सहा वर्षांपूर्वी ज्या पैशांत त्याला दहा रुपये दराने ऐंशी हजार शेअर मिळाले असते, त्यात आता मूल्यांकनाप्रमाणे १६० रुपये दराने पाच हजार मिळाले. सही करताना त्याने मालकाकडे एकदा पाहिले आणि मला म्हणाला, “आता तरी मी पार्टनर झालो ना?”